मास्तरांची सांगड

"सांगितलं तर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," मी म्हणालो, "पण ह्याच डोहात मी मगरीच्या जबड्यात हात घालून माणूस बाहेर ओढलाय."

डॉक्टर आरवाडे खालच्या पायरीवर बसून पायांत बदकाच्या पंजासारखी रबरी वल्ही चढवत होते. दातांचे डॉक्टर. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुठला हात घातला होता, आप्पा?"

"उजवा."

"मागल्या रविवारी डावा होता."

"मागल्या रविवारी मगर डावीकडनं आली होती."

हशा झाला. मला तेवढाच पाहिजे असतो. एकदा माणसं हसली की बसतात, आणि बसली की ऐकतात.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी आमच्या गुरवाच्या घाटावर सांगलीहून ही मंडळी मोटारीनं यायची. पोहणं अर्धा तास आणि सामान मांडणं पाऊण तास. निळ्या काचांचे गॉगल, कवटीला गच्च बसणाऱ्या टोप्या, कानात घालायची बुचं, नाकाला लावायचा चिमटा, कंबरेला दोरीनं बांधून मागं सोडायचा नारिंगी फुगा. माणूस पोहत पुढं निघाला की तो फुगा जत्रेत हट्ट धरलेल्या पोरासारखा मागनं फरफटत यायचा. प्रत्येकाची एकेक लाडकी वस्तू होती. डॉक्टरांचा जीव वल्ह्यांवर. केतकीबाई पोतदार कॉलेजात गणित शिकवायच्या, त्या गॉगलला कुणाला बोट लावू द्यायच्या नाहीत. आतनं काच पुसली की तिच्यावरचा लेप जातो म्हणे, मग धुकं धरतं.

मी सिद्राम अंबी. आमच्या घराण्यानं सात पिढ्या नाव वल्हवली. पूल झाला तसा नावेला कुणी विचारेना, म्हणून माझ्या बापानं घाटावर पोहायचे भोपळे करून विकायला सुरुवात केली आणि ते काम माझ्याकडं आलं. आता भोपळेही कुणी घेत नाही. मी पायरीवर बसून ह्या मंडळींचे कपडे आणि मोटारींच्या किल्ल्या सांभाळतो. पाण्यात उतरत नाही. कुणी विचारलं तर गुडघे पुढं करतो.

"आप्पा, तुमच्या वेळी हे असलं काही नव्हतं ना?" केतकीबाईंनी टोपीत केस कोंबत विचारलं.

"नव्हतं कसं? आमच्याकडं सांगड होती."

"म्हणजे?"

"दोन भोपळ्यांची जोडी. दुध्या भोपळा वेलावरच वाळू द्यायचा. आतल्या बिया खुळखुळायला लागल्या की उतरवायचा, घासायचा, जवसाच्या तेलाचे चार हात द्यायचे. असे दोन भोपळे काथ्याच्या जाळीत घालून एकमेकांना जोडायचे आणि छातीखाली घेऊन काखेतनं पाठीवर गाठ मारायची. ही झाली सांगड. माझ्या आज्याच्या सांगडीवर पुराच्या पाण्यातनं रेडा आला होता. ह्या तीरावर उतरला तर आज्याला म्हणतोय कसा..."

"रेडा बोलला?"

"इतकं लांबनं आल्यावर काय गप्प बसेल?"

पुन्हा हशा. तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवरनं पद्मावैनी आल्या. पंचाहत्तरी गाठलेल्या, पाठ जरा वाकलेली, हातात देवाची तांब्या-पितळेची भांडी भरलेली बुट्टी. रोज सकाळी त्या घाटावर येऊन चिंचेनं भांडी घासतात. माझ्यापासून तीन पायऱ्या खाली, पाण्याला पाय लावून बसतात. आमचं बोलणं म्हणजे, "काय वैनी?" "काय भावजी?" एवढंच. पण माझी गोष्ट चालू असली की मी त्यांना मधे घेतो.

"ह्या बघा. ज्यांना मी मगरीकडनं ओढून काढलं त्यांच्या ह्या मंडळी. खोटं वाटत असलं तर विचारा. वैनी, मगर होती का न्हवती?"

वैनींनी तांब्या फिरवत मान न वळवता म्हटलं, "होती."

"मोठी होती का न्हवती?"

"मोठी होती हो."

"झालं?" मी डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी वल्ही काढून बाजूला ठेवली. आता ते बसले.

मग मी सुरू केलं.

चिंतामण उपाध्ये आमच्या हायस्कूलला चित्रकलेचे मास्तर होते. माझ्याच वयाचे, तेव्हा चाळिशीचे. अंगानं फाटके, चष्म्याला ह्या एवढ्या जाड काचा. चष्मा काढला की त्यांना स्वतःचा हात दिसायचा नाही. रोज सकाळी घाटावर यायचे, गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, चूळ भरायचे आणि बाहेर यायचे. कृष्णाकाठी जन्म जाऊन माणसाला पोहता येत नव्हतं.

आमच्या घाटाची एक रीत होती. अक्षय्य तृतीयेला घाटावरचे सगळे पोहणारे डोह ओलांडून पैलतीरी जायचे, तिथल्या म्हसोबाला नारळ फोडून परत यायचे. ज्यानं एकदा डोह ओलांडला तो घाटाचा माणूस. ज्याला जमत नाही त्यानं ह्या तीरावर बसून बाकीच्यांचे कपडे सांभाळायचे. मास्तरांनी चार वर्षं कपडे सांभाळले. चौथ्या वर्षी त्यांची धाकटी पोरगी शेजारी बसली होती. सगळे ओले होऊन परत आल्यावर ती मोठ्यांदा म्हणाली, "बाबा, तुम्ही ह्या सगळ्यांचे धोबी आहात का?"

माणसं हसली. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत. संध्याकाळी माझ्या ओसरीवर आले.

"सिद्राम्या, पुढच्या तृतीयेला मी जाणार."

"कुठं?"

"पलीकडं."

"पुलावरनं का?"

"लेका, थट्टा नको. मला सांगड करून दे. तुझ्या हातची दे, दुकानातली नको."

वर्षभर त्यांनी तयारी केली. असं सामान जमवलं की डॉक्टर, तुमचं काहीच नाही. मुंबईहून रबराचा गॉगल मागवला. तो घेऊन मिरजेच्या चष्मेवाल्याकडं गेले आणि त्याच्या डोक्यावर बसून त्यात आपल्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या. पहिल्यांदा तो लावून पाण्यात डोकं घातलं आणि ओरडतच वर आले, "सिद्राम्या, तू दिसलास रे! पाण्याखाली दिसलास!"

"कसा दिसतो मी?"

"वर दिसतोस त्यापेक्षा बरा."

डोक्याला घालायची टोपी वैनींनी शिवली, जुन्या रेनकोटाच्या कापडाची. हनुवटीखाली बांधायला दोन बंद. कानात घालायला तेलात बुडवलेला कापूस. तो ठेवायला विड्याची जुनी डबी. सहा महिने मी त्यांना काठाकाठानं शिकवलं. मास्तर नेटानं हातपाय मारायचे, पण सांगड सोडली की दगडासारखे खाली. सांगड असली की मात्र छान. बगळ्यासारखी मान वर काढून, गॉगलातनं इकडंतिकडं बघत, चित्रं काढल्यासारखे हात फिरवत जायचे.

"आप्पा, मगर कधी येणार?" डॉक्टर म्हणाले.

"निघालीये. लांबनं यायचंय तिला."

तृतीयेची सकाळ उजाडली. घाटावर ही गर्दी. पाण्यात उतरायच्या आधी दोन गोष्टी व्हायच्या. एक, सांगड बांधायची ती घरच्या बाईनं. आई असो, बहीण असो, बायको असो. पाठीवरची गाठ तिनंच मारायची. आणि त्याच्या आधी, ज्यानं सांगड केली त्यानं ती सगळ्यांसमक्ष तपासून द्यायची. दोन्ही भोपळे हातांनी पाण्याखाली दाबून धरायचे आणि शंभर मोजायचे. बुडबुडा आला की भोपळा बाद.

"शंभरच का?" केतकीबाई.

"बाई, फुटका भोपळा पहिल्या दहातच बुडबुडा सोडतो. पण केसाएवढी चीर असली, ती राळ आणि मेण लावून बुजवलेली असली, तर तो लबाड सत्तर-ऐंशीपर्यंत दम धरतो. राळ पाण्यानं सैल व्हायला तेवढा वेळ लागतो. म्हणून शंभर. माझा बाप मोजताना दुसरा शब्द बोलायचा नाही. कुणी हाक मारली तरी नाही."

"आणि तुम्ही?"

"मी बापाच्या वरताण. मी कंबरभर पाण्यात उभा. सांगड पाण्याखाली दाबलेली. मोजायला लागलो आणि वरनं पोरं ओरडली, आप्पा, रेड्याची गोष्ट! मी म्हटलं, हे घ्या. तोंडानं रेडा आणि मनात आकडे. अंब्याच्या पोराला दोन्ही जमतं. इकडं रेडा आज्याशी बोलतोय, घाट खदाखदा हसतोय, आणि इकडं माझे शंभर पुरे. बुडबुडा म्हणून नाही. मास्तर वरनं विचारतात, झाले का रे शंभर? मी म्हटलं, झाले की, वर पाच तुमच्या म्हसोबाला."

वैनी ताम्हन घासत होत्या. त्यांचा हात जरा थांबल्यासारखा वाटला मला. मग परत सुरू झाला.

"वैनींनी गाठ मारली," मी म्हणालो. "टोपीचे बंद बांधले. मास्तरांनी गॉगल चढवला. दोन्ही पोरी पायरीवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आणि आम्ही उतरलो."

इथं मगर येते.

चारशे वेळा मी ही गोष्ट सांगितली असेल आणि मगर दरवेळी इथंच येते. शेपूट ह्या तीराला, तोंड त्या तीराला. मास्तरांच्या बाजूनं पाणी फुगतं, मास्तर गॉगलातनं तिच्याकडं बघतात, तीही त्यांच्याकडं बघते. मग ती मास्तरांचा पाय धरते, आणि मी तिच्या जबड्यात हात घालतो. कधी उजवा, कधी डावा. त्या दिवशीही मी हे सगळं सांगितलं. जबडा कसा उचकटला, तिच्या डोळ्यात बोट कसं घातलं, ती कशी मास्तरांना सोडून, मला एक शेपटा मारून नरसोबावाडीच्या बाजूनं निघून गेली. मास्तर मात्र तिच्या दातांनी आधीच गेले होते; अंग माझ्या हातातनं सुटून खाली गेलं ते दुपारी थेट वळणावर सापडलं. पण शेवटपर्यंत घाबरले नाहीत. सगळी मंडळी श्वास धरून ऐकत होती.

तुम्ही लांबचे, आणि हे वाचून तुम्ही घाटावर काही चौकशीला येणार नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. मगर नव्हती.

मी मास्तरांच्या बाजूला नव्हतोच. मी सगळ्यांच्या आधी, मारे हात मारत पैलतीरी पोचलो होतो. लंगोट पिळत म्हसोबापुढं उभा होतो आणि तिथल्या दहा-बारा जणांना रेड्याचा उरलेला भाग सांगत होतो. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, मास्तर कुठं?" मी मागं वळलो. डोहाच्या मधोमध एक भोपळा दिसत होता. एकच. आणि त्याच्या शेजारी दोन तळपाय.

भोपळे दोन असतात तेव्हा माणूस सरळ राहतो. एक पाण्यानं भरला की तो एका अंगाला खाली ओढतो आणि दुसरा, जो चांगला आहे तो, माणसाला वर येऊ देत नाही. उलटा धरून ठेवतो. पोहणारा माणूस अंग फिरवून मोकळा होतो. मास्तरांना पोहता येत नव्हतं. मी गेलो, दोघं-तिघं आले, पण डोहाच्या त्या भागात प्रवाह आतनं ओढतो. आम्ही पोचेपर्यंत भोपळा, तळपाय सगळं खाली गेलं होतं. वळणावर, बाभळीच्या मुळ्यांत मास्तर सापडले तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. गॉगल तसाच डोळ्यांवर होता. आत एक थेंब पाणी गेलं नव्हतं. मिरजेच्या माणसानं काम चोख केलं होतं.

वैनी दोन पोरींना धरून धावत आल्या. "काय झालं, भावजी? सांगा ना काय झालं?" म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि तोंडातनं शब्द आला, मगर. मी तो आणला नाही. तोच आला. आयुष्यभर थापा मारलेलं तोंड, त्याला दुसरं काय सुचणार? कागदोपत्री बुडून मृत्यू अशीच नोंद झाली, पण गावानं मगर उचलून धरली. पुढं आठ-दहा वर्षांनी वरच्या अंगाला खरोखरच एक मगर दिसली तर लोक मला येऊन म्हणाले, "आप्पा, तुझं खरं होतं बघ."

त्यानंतर मी पाण्यात पाऊल घातलं नाही. सांगडी दोन-तीन वर्षं केल्या, मग त्याही बंद केल्या. वेलावर भोपळा वाळायला लागला, आत बिया वाजायला लागल्या की मला घरात थांबवायचं नाही. बायकोनं शेवटी वेलच उपटून टाकला. रात्री झोप नाही, दिवसा घाट सुटत नाही. लोकांना वाटतं म्हातारा रंगेल आहे. रंगेल माणूस एकच गोष्ट चारशे वेळा सांगत नाही. मला दुसरी येतच नाही हो. कुठलीही सुरू केली तरी फिरून त्याच डोहावर येते.

पण भोपळ्याचं म्हणाल तर त्याला मी काय करू? शंभर मोजून दिलेला भोपळा. वाटेत कुठं खडकाला लागला असेल, तडकला असेल. वेलीवरची वस्तू ती. कधी कुठं दगा देईल कुणी सांगावं? माझ्या हातात होतं तेवढं मी केलं होतं. एवढ्या एका गोष्टीवर मी अडतीस वर्षं काढली.

हे झालं तुम्हाला सांगितलेलं. घाटावरच्या मंडळींना मी मगरीपर्यंतच आणलं, आणि नेहमीसारखा वैनींकडं वळलो. "विचारा वैनींना. तोंडावर भीती होती का मास्तरांच्या?"

"नव्हती," वैनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. गोष्ट संपली की नेहमी कुणीतरी मला चहा देतं. पण केतकीबाईंच्या कपाळावर आठी होती. गणिताच्या बाई त्या.

"आप्पा, एक कळलं नाही मला."

"काय?"

"मगरीनं मास्तरांना सोडलं ना?"

"मी सोडायला लावलं."

"हो, तेच. पण मग ते बुडाले कसे? भोपळे तर बांधलेले होते. जिवंत असोत नसोत, पाण्यावर तरंगायला पाहिजे होते. वळणापर्यंत खालून कसे गेले?"

चारशे वेळांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हसलो. थापाड्या माणसाला अडकल्यावर एकच ठाऊक असतं, पटकन पुढचं काहीतरी बोलायचं. मी विचार केला नाही. शपथेवर सांगतो, केला नाही.

"भोपळे जागेवर राहिले तर ना, बाई? सुटली असणार सांगड. गाठ सैल राहिली असंल."

बोलून गेलो आणि खाली चिंचेचा खरखर आवाज थांबला.

वैनींनी ताम्हन पाण्यात बुडवून घेतलं, पालथं घालून पायरीवर ठेवलं. पदराला हात पुसले. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि एकेक पायरी चढत वर आल्या. तीन पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला काहीतरी बोलता आलं असतं.

"गाठ सुटली नव्हती, भावजी."

"न्हाई वैनी, मी आपलं..."

"गाठ मी मारली होती."

"व्हय, पण झटापटीत..."

"तिथं बाभळीखाली ह्यांना ठेवलं होतं, तेव्हा गाठ जशीच्या तशी होती. काथ्या पाण्यानं फुगला होता. मला बोटांनी सुटेना. तुम्ही तिकडं लोकांना काय झालं ते सांगत होता. मी दातांनी सोडवली." त्यांचा आवाज चढला नव्हता. घरी भाजी निवडताना बोलतात तसा होता. "दोन दिवस तोंडाला तेलाची चव होती."

डॉक्टर उठून उभे राहिले. "आजी, तुम्ही बसा जरा. ऊन लागेल. आप्पा गंमत करतात, तुम्ही मनावर..."

"गंमतच आहे की. मी कुठं नाही म्हणते?" वैनी डॉक्टरांना म्हणाल्या. "मगर मला चालली. पोरींना पण बरी वाटली. बाप मगरीनं नेला म्हटल्यावर शाळेत कुणी त्यांना चिडवलं नाही. म्हणून भावजींनी विचारलं की मी हो म्हणते. इतकी वर्षं म्हणत आले. अजून म्हणेन." मग माझ्याकडं वळल्या. "पण गाठीचं नाही बोलायचं, भावजी. गाठीवर नाही ढकलायचं. धाकटीच्या नवऱ्यानं असं कुठं ऐकलं तर ती मला विचारेल, आई, गाठ तू नीट बांधली होतीस ना? मग मी तिला काय सांगू?"

"चुकलं," मी म्हणालो. "चुकलं वैनी. गाठ चांगली होती. भोपळाच दगा देऊन गेला. आता भोपळ्याला कोण काय करणार? शंभर मोजून दिला होता मी. तुमच्यादेखत शंभर मोजले."

मला वाटलं, हे ऐकून त्या खाली जातील. मी हात पुढं केला, त्यांना पायरीवरनं उतरायला. त्यांनी तो धरला नाही. केतकीबाईंकडं बघितलं.

"तुम्ही गणित शिकवता ना, बाई?"

"हो आजी."

"मी चौथी शिकलेय. पण आकडे येतात मला." त्या म्हणाल्या. "हे भावजी पाण्यात उभे राहून रेड्याची गोष्ट सांगत होते ना, तेव्हा मी वर पायरीवर होते. मांडीवर आमच्या ह्यांची टोपी. मला फार भीती वाटत होती, म्हणून मी मोजत होते. मोठ्यांदा नाही. ओठांतल्या ओठांत. त्रेचाळीस झाले होते. त्रेचाळीसला तो रेडा काहीतरी बोलला, सगळा घाट हसला, आणि भावजींनी सांगड पाण्यातनं वर काढली."

मग वैनी माझ्याकडं वळल्या.

"आमच्या ह्यांनी विचारलं, झाले का शंभर? तुम्ही म्हणालात, झाले. मी तिथंच होते. मला म्हणता आलं असतं. पण एवढ्या पुरुषमाणसांत कसं बोलायचं? आणि तुम्ही हे काम रोज करणारे. मला वाटलं, अंब्यांची मोजायची रीत वेगळी असेल."